जुन्या मर्सिडीज ४५० एसएलचा एसी: मूळ यॉर्क ठेवू की सँडन बसवू?

चाकोरीबाहेर (११ मार्च)

नमस्कार मंडळी,

मामांची १९७४ ची मर्सिडीज ४५० एसएल आता माझ्याकडे आहे. दोन दारं, कापडी टप, साडेचार लिटरचा व्ही-८. मामा मस्कतहून परतताना सामानाबरोबर घेऊन आले, काही वर्षं हौसेनं चालवली आणि मग मिरजेला शेडमध्ये ताडपत्रीखाली ती सोळा वर्षं पडून राहिली. ताडपत्री काढली तेव्हा सीटमागच्या जागेत मांजरीनं पिल्लं घातली होती. इंजिन, ब्रेक, पेट्रोलची टाकी असं करत करत दोन वर्षांत गाडी रस्त्यावर आली. राहिला तो एसी.

गेल्या एप्रिलात कोल्हापूरहून सांगलीला निघालो. जाळीतून येणारी हवा २२ अंशांच्या खाली उतरली नाही (किचनमधला थर्मामीटर खोचून मोजली). दसरा चौकाच्या सिग्नलला थांबलो की तीही नाही. एका मेकॅनिकनं तीनदा गॅस भरून दिला, तिन्ही वेळा तीन आठवड्यांत संपला. कुठला गॅस भरला विचारलं तर "साहेब, एसीचा" एवढंच उत्तर. मुंबईच्या एकानं फोनवरच सांगितलं, सगळं काढून टाका, पूर्ण नवीन किट घाला, सव्वा लाख.

माझा प्रश्न साधा आहे. मूळ यॉर्क कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) दुरुस्त करून ठेवावा की नव्या धर्तीचा सँडन ५०८ बसवावा? आणि गॅस कुठला? सौभाग्यवतींनी जाहीर केलंय की एसी होईपर्यंत त्या ॲक्टिव्हावरूनच माहेरी जातील.

गंगावेश

टप खाली कर, पन्हाळ्याला जा. एसी फुकट. विषय संपला.

चाकोरीबाहेर

भावा, मे महिन्यात दुपारी दोनला टप खाली करून कावळा नाक्यावर थांबून बघ. टाळूवर भाकरी भाजून निघंल.

गंगावेश

तांबडा रस्सा मी घेऊन येतो मग.

निवृत्त_शीतयंत्री

तेहतीस वर्षं शीतगृहं आणि बसचे एसी हेच काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तीनदा भरलेला गॅस तीनदा गेला, याचा अर्थ गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. तुम्ही तीन वेळा पैसे दिलेत ते घागरीसाठी नव्हे, पाण्यासाठी.

दुसरी गोष्ट. तुमची गाडी आर-१२ या जुन्या एसी-गॅससाठी बनलेली आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्यानं बंद होत गेला. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला आणि २०१० सुरू होताना सीएफसी, म्हणजे आर-१२ च्या कुळातले गॅस, आपल्याकडेही थांबले. आज कुणी "ओरिजिनल आर-१२" म्हणून डबा पुढे केला तर आत काय असेल ते देव जाणे. बहुतेक वेळा ते घरगुती गॅससारखंच काहीतरी हायड्रोकार्बन असतं. थंडावा चांगला देतं आणि जुन्या मिनरल ऑइलशी जुळतंही, म्हणून मेकॅनिकला सोपं जातं. पण ते पेटतं. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, तुमच्या गुडघ्यापुढे असते, एवढं लक्षात ठेवा.

आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला, पण बनावट आर-१३४ए तर याहून वाईट. २०११ मध्ये रेफर (माल गार ठेवणाऱ्या) कंटेनरच्या कॉम्प्रेसरांचे स्फोट होऊन माणसं गेली. तपासात आर-१३४ए म्हणून विकलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड सापडलं. त्याची ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया होते आणि तयार होणारं संयुग हवा लागताच पेटतं. तेव्हा सीलबंद सिलिंडर, बिल आणि नाव पाहिल्याशिवाय नळी जोडू देऊ नका.

आता कॉम्प्रेसर. यॉर्क म्हणजे दोन पिस्टनचा, क्रँकशाफ्ट असलेला, स्वतःचं ऑइल पोटात ठेवणारा जुना गडी. जड आहे, थरथरतो, पण दणकट. शाफ्टचं सील नवीन घातलं, जुनं ऑइल धुऊन एस्टर ऑइल भरलं तर तो आर-१३४ए वर चालतो. म्हणजे तुमचा प्रश्नच मुळात थोडा चुकलाय. अडचण कॉम्प्रेसरची कमी आणि कंडेन्सरची, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर फेकणाऱ्या पुढच्या कॉइलची, जास्त आहे. कंडेन्सर ६० अंशांपर्यंत तापला की आर-१२ चा दाब साधारण १५ बार असतो, आर-१३४ए चा जवळजवळ १७. जुना नळी-पत्र्याचा कंडेन्सर आधीच्या दाबाच्या हिशोबानं बनलेला. उन्हात, उभ्या गाडीत तो उष्णता फेकू शकत नाही, म्हणून सिग्नलला हवा गरम.

एक फुकटची परीक्षा सांगतो. गाडी उभी, एसी चालू. समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर बागेच्या नळीनं पाण्याचा बारीक फवारा मारा. आतली हवा चटकन गार झाली तर दोष कंडेन्सरचा किंवा पंख्याचा.

पुणेरी_स्पॅनर

शीतयंत्री काकांशी शंभर टक्के सहमत, फक्त सँडनच्या मुद्द्यावर मला कडक बोलायचं आहे.

पन्नास वर्षं जुन्या गाडीतला मूळ कॉम्प्रेसर काढून ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बसतो तो कॉम्प्रेसर लावणं म्हणजे वाड्याच्या चौकात पेव्हर ब्लॉक घालणं. शिवाय कायद्याचा भाग आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीला वीस हजार, नंतर दर दहा वर्षांनी पाच हजार. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. तुमची गाडी त्यात बसू शकेल. उद्या नोंदणीला गेलात आणि बॉडीला चार भोकं पाडलेली निघाली, मग?

सासने_ग्राउंड

@पुणेरी_स्पॅनर, त्याच नियमात हेही आहे की व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. मग एसी कशाला, गॅरेज थंड करायला?

पुणेरी_स्पॅनर

प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यासाठी आणता येते. कृपया नियम पूर्ण वाचावेत.

सासने_ग्राउंड

म्हणजे सासुरवाडीला जाताना "इंधन भरायला चाललोय" म्हणायचं. ठीक.

उद्यमनगरचा_भाऊ

पुण्याच्या पाव्हण्यांचं ऐकून घेतलं. आता उद्यमनगरचं ऐका.

बॉडीला एकही भोक पाडायचं नाही, इंजिनला नवीन आटे मारायचे नाहीत. यॉर्क ज्या बोल्टवर बसलाय त्याच बोल्टवर नवीन ब्रॅकेट बसतंय. यॉर्क डब्यात घालून माळ्यावर ठेवायचा, उद्या वाटलं तर अर्ध्या दिवसात परत. ह्यात मूळ स्वरूप कुठं बिघडलं सांगा की.

आमच्याकडं रीत ठरलेली हाय. आधी पुठ्ठा, मग प्लायवूड, मग लोखंड. पुठ्ठ्याचा नमुना कापून इंजिनवर धरायचा. प्लायवूडवर कॉम्प्रेसर ठेवून पुलीची लाईन बघायची, क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी टेकवून. पट्टी आणि पुलीत नख शिरलं तरी बेल्ट फेकणार. मग दहा एमएमची प्लेट लेझरवर कापून घ्यायची. बेल्ट ताणायला लांबट खाच ठेवायची. आणि कॉम्प्रेसर एका बाजूनं लटकवायचा नाही, दोन्ही बाजूंनी धरायचा. एका बाजूनं धरलेलं ब्रॅकेट सहा महिन्यांत चिरतंय, किती बघितली.

सँडनच का? कारण ५०८ म्हणजे पाच सिलिंडर, साधारण आठ घन इंच, आणि त्याचं सील, क्लच, कॉइल अख्ख्या शिरोली नाक्यावर मिळतंय. यॉर्कचं सील मागवायला भावा तुला अमेरिकेला पत्र लिहावं लागंल.

रसिका_७

सव्वा लाखात माझ्या घरात दोन खोल्यांना इन्व्हर्टर एसी लागले आणि वर तांबडा-पांढऱ्याची पार्टी झाली. फक्त सांगतेय.

हेमांगी_शाहूपुरी

थोडं अवांतर, पण उपयोगी. बाबांची पद्मिनी २०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरजवळ तीन दिवस पाण्यात होती. डॅशबोर्डखाली बाहेरून बसवलेला एसी होता तिला. सगळं साफ केलं, पण ब्लोअर लावला की पंचगंगेचा वास. शेवटी कूलिंग कॉइलची पेटी पूर्ण उघडली तर आत दोन बोटं गाळ आणि पाणी जायची नळी बुजलेली. चाकोरीबाहेर दादा, तुमच्या गाडीत सोळा वर्षं मांजर राहिली आहे. कॉइलची पेटी उघडून बघितली का कधी?

चाकोरीबाहेर

हेमांगीताई, मांजर सोळा वर्षं नव्हती हो, एकच बाळंतपण. पण पेटी उघडलेली नाही, हे खरं. यादीत घेतलं.

गंगावेश

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा तिला एसी आहे का असं कुणी विचारतं का? रुबाब पाहिजे गाडीला.

उद्यमनगरचा_भाऊ

मेबॅकचा नाद करायचा नाही. पण ती वर्षातनं एकदा येते, हा गडी रोज सांगलीला जातोय.

फिनिक्सचा_पाव्हणा

मूळचा राजारामपुरीचा, सध्या ॲरिझोनात. इथं जून-जुलैत ४३-४४ अंश ही नेहमीची गोष्ट. शेजाऱ्याची ५६० एसएल आहे, म्हणजे तुमच्या गाडीची धाकटी बहीण, तिच्यावर आम्ही दोन उन्हाळे घालवलेत. इकडे आर-१२ चं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, पण जुना साठा परीक्षा पास झालेल्या तंत्रज्ञाला अजून विकत घेता येतो. शेजाऱ्यानं तो हट्टानं भरला. तरी गार होईना.

कारण काय निघालं? हीटरचा व्हॉल्व्ह. तो पूर्ण बंद होत नव्हता, त्यामुळे इंजिनचं उकळतं पाणी हीटरच्या कॉइलमध्ये सतत फिरत होतं. एका हातानं थंड करायचं आणि दुसऱ्या हातानं तापवायचं, असा प्रकार चालला होता. हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळीला चिमटा लावून ती बंद करा आणि मग तापमान मोजा. खर्च शून्य.

पुणेरी_स्पॅनर

उत्तम मुद्दा. याला जोड म्हणजे या मर्सिडीजमध्ये हवेचे पडदे व्हॅक्यूमवर हलतात. आतल्या रबराच्या पिशव्या पन्नास वर्षांत फाटतात, मग आतलीच हवा फिरवणारा पडदा लागत नाही आणि कॉम्प्रेसर बिचारा बाहेरची चाळीस अंशांची हवा गार करत बसतो. तेही तपासा. (कॉम्प्रेसर मूळच ठेवा.)

चाकोरीबाहेर (२३ मार्च)

मंडळी, रविवारी दोन्ही परीक्षा केल्या. मुलगा थर्मामीटर वाचायला, मी पाना घेऊन. पुण्यात शिकणारी पुतणी "काका, हे तुम्ही सुट्टीत मजा म्हणून करता?" असं विचारून गेली.

नळीला चिमटा लावण्याआधी २२, लावल्यावर दहा मिनिटांत १६. फक्त चिमट्यानं सहा अंश! शिवी आली तोंडात, ती मी आठवणीनं त्या तीन वेळच्या गॅसच्या बिलांकडे बघून दिली.

मग पाण्याचा फवारा. १६ वरून १२. म्हणजे काका म्हणाले तसं कंडेन्सरचंही दुखणं आहेच.

पाव्हणे, व्हॉल्व्ह उघडला तर आत पांढरा खडा धरलाय. मिरजेच्या विहिरीचं पाणी रेडिएटरला घालत होते मामा. कॉइलची पेटी पण उघडली. गाळ नाही, पण पिंपळाची पानं, एक उंदराचं घरटं आणि १९९० चा एक किराणा दुकानाचा कागद. हेमांगीताई, आभार.

गळती कुठं ते अजून राहिलंय.

निवृत्त_शीतयंत्री

छान. गळतीसाठी कोरडा नायट्रोजन भरा आणि साबणाचा फेस लावा. कॉम्प्रेसरच्या हवेनं दाब देऊ नका, त्यातली ओल आत राहते. पण त्याआधी आत जो काही गॅस शिल्लक आहे तो मशीननं काढून घ्यायला सांगा, वाऱ्यावर सोडू देऊ नका. ज्वलनशील असू शकतो हे एक, आणि खरंच आर-१२ निघाला तर हवेचं तापमान वाढवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त आहे. आर-१३४ए ची चौदाशेच्या आसपास.

सासने_ग्राउंड

काका, तुमच्यासारखा गुरुजी बारावीला असता तर मी आज डॉक्टर असतो.

निवृत्त_शीतयंत्री

मग पेशंटांचं काय झालं असतं?

चाकोरीबाहेर (३० मार्च)

गळती दोन ठिकाणी. एक शाफ्टच्या सीलला, पन्नास वर्षांनी कुणाचंही गळेल. दुसरी जुन्या रबरी होज पाईपांना, त्या तर सगळ्या लांबीभर पाझरतायत. फेस लावला तर पाईप दाढी केल्यासारखा दिसायला लागला.

पाईप बदलणारच. कॉम्प्रेसरचं मात्र अजून ठरत नाही. पुणेरी_स्पॅनर यांचं पटतं आणि भाऊचंही पटतं.

उद्यमनगरचा_भाऊ

दोन्ही पटत असंल तर शनिवारी गाडी घेऊन ये. पुठ्ठा माझ्याकडं हाय.

पुणेरी_स्पॅनर

हा प्रभाव टाकण्याचा प्रकार आहे. नोंद घ्यावी.

बरं, करणारच असाल तर निदान जुन्या पाईपांची टोकं जपा. नवीन आर-१३४ए चे बॅरियर पाईप घ्या, आतून नायलॉनचा थर असलेले, पण दोन्ही टोकांचे मूळ धातूचे जोड कापून नव्या पाईपांवर दाबून घ्या. बाहेरून सगळं १९७४ सालचंच दिसेल. ओ-रिंग हिरव्या, म्हणजे नव्या रबराच्या. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) नवीन, त्यावर कंजूषपणा नको.

उद्यमनगरचा_भाऊ

बघा, पाव्हणे लाईनीवर आले.

हेमांगी_शाहूपुरी

एक शंका. पुढं इलेक्ट्रिक पंखा लावणार, ब्लोअर जोरात, रात्री हेडलाइट. जुना अल्टरनेटर पुरेल का? बाबांच्या गाडीत एसी लावला की हॉर्नचा आवाज बसायचा.

चाकोरीबाहेर

माझ्याकडे ५५ अँपिअरचा आहे. पंख्याला वेगळा रिले आणि जाड वायर टाकतोय. बघू.

चाकोरीबाहेर (२ मे)

उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये अंबाबाईचा रथ, मग मुलाची परीक्षा. काम झालं. नीट लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून.

हीटरचा व्हॉल्व्ह नवीन. हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात मोठा फरक. व्हॅक्यूमच्या दोन पिशव्या फाटक्या निघाल्या, बदलल्या. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) वायरी जातात तिथली रबरं गायब होती, तिथून इंजिनची धग सरळ पायावर येत होती. तीही बसवली आणि पायाखाली फॉइल लावलेला फोम टाकला.

कंडेन्सर पॅरलल फ्लोचा (गॅस एकाच वेळी अनेक चपट्या नळ्यांतून जातो तो), मूळच्या मापाच्या चौकटीत बसेल असा, त्यापुढे १२ इंची पंखा. बॅरियर पाईप, जुने जोड. शेवटी भाऊकडे तीन शनिवार गेले. पुठ्ठा झाला, प्लायवूड झालं, पहिली प्लेट चार एमएमनं चुकली (चूक माझ्या मापाची, भाऊची नाही). सँडन बसला. यॉर्क तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर.

चाळीस मिनिटं व्हॅक्यूम मारला, अर्धा तास काटा हलतो का बघत बसलो. नाही हलला. गॅस वजनावर भरला, आर-१२ चं जे माप गाडीवर लिहिलंय त्याच्या ८० टक्के. दाबाच्या काट्यावर बघून भरू नका असं काकांनी फोनवर बजावलं होतं.

परवा दुपारी दीड वाजता, बाहेर ३८. हायवेला ८ अंश. दसरा चौकाच्या सिग्नलला ११.

अल्टरनेटर मात्र हेमांगीताईंनी सांगितलं तसाच. रात्री सगळं चालू केलं की हेडलाइट पिवळे पडतात. पुढच्या महिन्याचं काम.

निवृत्त_शीतयंत्री

दाब किती?

चाकोरीबाहेर

लो ३२, हाय २३० पीएसआय, उभ्या गाडीत.

निवृत्त_शीतयंत्री

झकास. आता हात लावू नका.

फिनिक्सचा_पाव्हणा

शेजाऱ्याला दाखवलं. तो पुठ्ठ्याच्या नमुन्याचा फोटो मागतोय.

उद्यमनगरचा_भाऊ

पुठ्ठाच पाठवतो की, कुरिअरनं.

पुणेरी_स्पॅनर

अभिनंदन. माळ्यावरचा यॉर्क महिन्यातून एकदा हातानं दोन-चार फेरे फिरवा, सील सुकणार नाही. आणि तो विकायचा विचार आला तर पहिला फोन मला.

रसिका_७

वहिनी बसल्या का मग?

चाकोरीबाहेर

बसल्या. कागलपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, जरा कमी कर, थंडी वाजतेय.

गंगावेश

मग रविवारी पन्हाळा? टप खाली?

चाकोरीबाहेर

टप खाली. पण एसी चालू ठेवणार आहे भावा, पायाकडं.

गंगावेश

सव्वा लाख वाचले, अक्कल तेवढी गेली. सकाळी सहाला दूध कट्ट्यावर थांबतो.